पहिल्या काहिलीचा वाटा

नाथाजी हवालदाराला वाचता येत होतं, पण तो कधी वाचून दाखवायचा नाही. आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक. कुणाचं कार्ड आलं, सरकारी कागद आला, तर माणूस शाळेतल्या मास्तराकडं जायचा, नाहीतर दोन कोस तुडवत कडेगाव गाठायचा, पण हवालदाराच्या दारात जायचा नाही. एखादी नवी सून माहेरचं पत्र घेऊन चुकून गेलीच, तर तो पत्र हातात घेई, ओठ न हलवता वाची आणि म्हणे, "समदी खुशाल हायेत. जा." संपलं. लोक म्हणत, लढाईत डोक्यावर परिणाम झाला. लोकांचं काय जातंय म्हणायला. परिणाम झाला होता हे खरं, पण तो लढाईत नाही झाला. लढाईतनं बिचारा चांगला शहाणासुरता परत आला होता.

पलटणीत तर त्याचं कामच वाचायचं होतं. चौथी पास, आवाज खणखणीत, वर फौजेत रोमन अक्षरंही शिकलेला, म्हणून सुभेदारानं रोजचे हुकूम वाचायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. सकाळी माणसं रांगेत उभी राहिली की त्याच्या हातात कागद पडायचा आणि तो पहिल्यांदा बघत बघतच मोठ्यानं वाचायचा. कुणाला रजा, कुणाला शिक्षा, कुणाचं नाव मेलेल्यांत. आधी चाळून बघायला सवड नसायची, आणि बघून करायचं तरी काय, हुकूम थोडाच बदलणार होता? चार वर्षांत अशी सवय लागली की डोळ्याला दिसलं की तोंडातनं बाहेर, मधे डोकं यायचंच नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्यानंच झालं.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात त्याची पलटण ब्रह्मदेशात होती. रस्ता म्हणजे नुसता रेंदा. तिथं मोर्टारचा तुकडा लागून नाथाजीचा उजवा गुडघा फुटला, आणि त्याला मागं दवाखान्यात पोचवायला एका लॉरीत घातलं. लॉरी चालवणारा होता किओको. आफ्रिकेतला, केनियाकडचा, धिप्पाड गडी. दोन मैलांवर लॉरी चिखलात बसली ती बसलीच. मागनं जपानी येत असल्याची आवई. किओको खाली उतरला, रस्त्याकडेच्या चौकीतल्या वायरलेसवाल्याशी त्यानं काहीतरी बोलणं केलं, परत आला आणि नाथाजीला पोत्यासारखा पाठीवर घेतला. चार मैल. पावसात, चढावर, मधे दोनदा ओढा पार करून. नाथाजी शुद्धीवर यायचा, जायचा. शुद्धीत आला की किओको त्याला बोलता ठेवायचा. दोघांना मिळून पलटणीतली मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती, तेवढ्यावर भागलं. "तुम्हारा गाव में क्या होता है?" किओकोनं विचारलं. नाथाजी म्हणाला, ऊस. तर किओको हसायला लागला. त्याच्या गावीही ऊस होता, त्याची आईसुद्धा ऊस पिळायची. पाठीवर मरायला टेकलेला माणूस आणि खाली चिखल, आणि हे दोघं कांडी किती जाडीची होते ह्यावर बोलत चाललेले.

दवाखान्यात त्याला ठेवून किओको गेला तो दहा दिवस आला नाही. आला तेव्हा दोन्ही तळहात सोललेले. नाथाजीनं विचारलं तर म्हणाला, "रास्ता का काम." मग मात्र फेरी असेल तेव्हा हमखास यायचा. चहाचा मग घेऊन खाटेशी बसायचा. तिथंच एकदा नाथाजीनं त्याला आमच्याकडची रीत सांगितली. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या पहिल्या कढईचा, गूळ भावकीचा. मालक चुलवणापाशी उभा राहून एकेका भावाचं नाव मोठ्यानं घेतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं पुढं होऊन पळसाच्या पानावरचा गूळ आपल्या हातानं उचलायचा. नाव घेतलं म्हणजे तो भाऊ, पाच माणसांत ठरला. "तू ये," नाथाजी म्हणाला, "पहिलं नाव तुझं घेईन." किओकोनं वचन दिलं. असली वचनं दवाखान्यात शंभर जण देतात, पण ह्या दोघांनी ते मनावर घेतलं होतं.

पंचेचाळीसच्या दसऱ्याला नाथाजी लंगडत घरी आला. घरात आई साळूबाई आणि बायको राहीबाई. त्यानं दोघींना सगळं सांगितलं. साळूबाईला ते नाव काही उच्चारेना, ती त्याला 'किवकू' म्हणायची. तिनं देवघरात एक सुपारी वाढवली. पोटच्या नाथाजीच्या नावची एक होतीच, तिच्या शेजारी ही दुसरी. शेजारणी विचारायच्या तर सांगायची, "माजं दोन ल्योक. एक ह्यो, आन् एक समिंदराच्या पल्याड." त्याच्यासाठी म्हणून तिनं धनगराकडनं एक काळं घोंगडं विणून घेतलं आणि उतरंडीमागं घडी घालून ठेवलं.

आता गंगाधरपंतांचं सांगतो. हे वाईचे गृहस्थ, लढाईच्या दिवसांत रेडिओवर कार्यक्रम लिहायचे. मोठा गोड माणूस, हे मलाही कबूल करावं लागतं. परतलेल्या जवानांच्या गोष्टी गोळा करायला ते साताऱ्याला आले होते, आणि पेन्शनीच्या कामाला गेलेला नाथाजी त्यांना भेटला. पंतांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, दोन तास ऐकून घेतलं. चार मैलांची गोष्ट ऐकताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वहीत सगळं उतरवून घेतलं, किओकोच्या आईचा ऊससुद्धा. म्हणाले, "हवालदार, हे घराघरांत पोचलं पाहिजे. तुमच्याच तोंडून. मी नीट लिहून ठेवतो, तुम्ही मुंबईला येऊन फक्त वाचायचं." नाथाजीची छाती फुगली. त्याला वाटलं, आपण भावाचं काय फेडणार, पण निदान त्याचं नाव तरी सगळ्या मुलखाला ऐकवू.

मुंबईची गाडी त्या दिवशी तीन तास उशिरा पोचली. रेडिओच्या कचेरीत शिरला तर पंत दारात घामाघूम. "चला, चला, वेळ झाली." एका बंद खोलीत त्याला बसवलं, समोर मायक्रोफोन, भिंतीवर तांबडा दिवा लागला आणि हातात कागद पडला. झालं. पलटणीतला सकाळच्या रांगेचा फॉलीन झाला. नाथाजी ताठ बसला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला.

पहिल्याच ओळीत "आमी पडलो अडाणी मानसं, सायबानं बोट दाखवावं आन् आमी बंदूक चालवावी" असं होतं. तो रोमन वाचणारा माणूस, पण वाचलं. मग लॉरीचा चालक आला. कागदात त्याला नाव नव्हतं. 'हबशी' होता. कोळशासारखा काळा, सुळ्यांसारखे दात, डोळे तांबारलेले, हातात कच्चं मांस. "त्यानं मला पाठीवर टाकलं, तवा मला वाटलं, ह्यो गडी मला रातच्या ज्येवनाला घिऊन चाललाय." काचेपलीकडं कुणीतरी ढोलकं बडवलं आणि चार माणसं ठरल्याप्रमाणं हसली. ह्या वाक्यावर नाथाजीच्या डोक्यात लख्ख झालं, हे काय चाललंय. पण डोळे पुढच्या ओळीवर गेले होते आणि तोंड त्यांच्यामागं. पुढं विस्तव होता, हबशी भोवती नाचत होता, आणि शेवटी गोरा साहेब येऊन जवानाला सोडवत होता. सहा मिनिटं. सगळी वाचली त्यानं. दिवा विझला.

बाहेर आल्यावर तो पंतांना म्हणाला, "आवं, ह्ये म्या न्हाई सांगितलं. त्येनं मला वाचिवलं."

पंतांनी त्याचा दंड धरला. "अहो, मला का माहीत नाही? पण नुसतं वाचवलं म्हटलं तर कोण ऐकतंय? लोकांना हबशी म्हटलं की असाच लागतो, आणि खेडूत म्हटलं की असाच लागतो. जरा गंमत लागते. मनाला लावून घेऊ नका. काय आवाज लागलाय तुमचा, वा." आणि दुसऱ्या कार्यक्रमाच्या घाईत ते निघून गेले. बघा, दोन तास बसून डोळे पुसणारा माणूस. त्या वहीची पानं त्यांनी कुठल्या चुलीत घातली देव जाणे.

गावात चावडीवर सरकारनं बॅटरीचा रेडिओ बसवला होता. नाथाजी परतला तेव्हा गावानं त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पोरं पाठीवर पोरं घेऊन "ज्येवनाला, ज्येवनाला" करत पळत होती. आप्पासो, म्हणजे पहिल्या लढाईतला म्हातारा शिपाई आणि भावकीत वडीलधारा, पाठीवर थाप मारून म्हणाला, "गड्या, नाव काढलंस. हसून हसून मुरकुंडी वळली की रं." नाथाजी म्हणाला, "आप्पा, समदं खोटं हाय त्ये." आप्पासो म्हणाला, "आसंल, आसंल," आणि पुन्हा हसला.

घरी देवघरात एकच सुपारी होती.

"आये, दुसरी कुटं हाय?"

साळूबाई जात्यापाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. "तू मला सांगायचं न्हाईस व्हय रं? मी कुनाला ल्योक म्हनत बसले."

"आये, त्ये खोटं हाय. कागुद दुसऱ्यानं लिवला, म्या नुसता वाचला."

"आवाज तुजाच व्हता. मी का तुजा आवाज वळकत न्हाई?"

"माजाच व्हता. पर बोलनं माजं नव्हतं."

म्हातारीनं जातं थांबवलं. तिचा हिशेब तिच्यापरीनं अगदी सरळ होता. "घरात मानूस आईला बरं वाटावं म्हनून ग्वाड बोलतं. सरकारच्या कचेरीत कोन खोटं बोलंल? तितं खरंच बोलावं लागतं." राहीबाई मधे पडली, शपथा घातल्या, पण उपयोग नाही. तिला पोटच्या पोराचं ऐकायचं होतं, आणि पोराचंच ऐकून ती असं मानत होती. आता ह्यावर कुणी काय बोलावं?

महिनाभरात नाथाजीनं चारचौघांत उभं राहून ते खोटं आहे असं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, हवालदार लाजतोय. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं नाही, आणि ह्याचा डंख त्याला पुढं जन्मभर होता.

संक्रांत झाली आणि कार्ड आलं. रोमन अक्षरात, कुणा कारकुनाकडनं लिहून घेतलेलं. किओकोचं जहाज मुंबईहून सुटणार होतं, त्याआधी चार दिवसांची रजा मिळाली होती. अमक्या दिवशी दुपारच्या मोटारीनं येतो, गूळ तयार ठेव. नाथाजीनं कार्ड दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, त्याच्या मनात एकदा आलं की साथ आली म्हणून कळवावं, येऊ नको म्हणावं. त्यानं दौतही काढली. मग स्वतःचीच लाज वाटून परत ठेवली. रहाट, चरक, काहील सगळं नीट करून त्यानं नेमका त्याच दिवशी गुऱ्हाळ लावलं.

गुऱ्हाळाची गंमत अशी असते की तिथनं जाणारा वाटसरू, भिकारी, वैरीसुद्धा रस प्यायल्याशिवाय जात नाही. न मागता पेला पुढं येतो. दुपारी फाट्यावर मोटार थांबली आणि फौजी टोपी घातलेला उंच माणूस पिशवी घेऊन उतरला. पाटाच्या कडेनं येताना त्याला बायका दिसल्या, त्या उसात घुसल्या. पोरं दिसली, ती किंचाळत गावाकडं पळाली. साळूबाईनं घराचं दार लावून आतनं अडसर घातला. गुऱ्हाळावर बैल फिरवणारा माणूस बैल सोडून बाजूला झाला. किओको जवळ येत हसत होता, त्याला वाटलं परका माणूस बघून लाजतायत. त्यानं नाथाजीला मिठी मारली, वर उचलून खाली ठेवला. मागं कुणीतरी "आगागा" म्हणालं.

किओको उभा. काहिलीत रस उकळतोय. चरकाखाली रसाची घागर भरलेली. आणि पेला कुणीच पुढं केला नाही. गुळव्या आकाराम, वीस वर्षं गूळ लावणारा, रामोशाला-महाराला रस वाढलेला माणूस, तो हातातल्या झाऱ्याकडं बघत राहिला. नाथाजीनंच पेला भरला आणि दिला. किओकोनं तो घेतला, प्यायला, आणि सगळीकडं एकदा नजर फिरवली. तो खुळा नव्हता.

भावकी जमली, पण चार हात लांब. तेवढ्यात आप्पासोला आपली हिंदुस्थानी दाखवायची हुक्की आली. म्हाताऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला खरंच चेष्टा करायची होती. "क्यूं जवान," तो म्हणाला, "तुम आदमी खाता है ना? हमारा नाथाजी रेडिओ में बोला."

किओको हसला. मग नाथाजीकडं बघून हसायचा थांबला.

"तुम बोला?"

नाथाजीला नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "हां. साहिब का कागज था. मैं पढा."

"पूरा पढा?"

"पूरा. आर्डर माफिक."

किओकोनं नजर काहिलीकडं वळवली. आकारामनं खूण केली की पाक आला, उतरवायला पाहिजे, नाहीतर जळेल. चौघांनी काहील उतरवली. गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला, घोटला, आणि पहिले गोळे पळसाच्या पानांवर मांडले. नाथाजी लंगडत चुलवणापाशी गेला. सबंध महिना जे त्याला चावडीवर जमलं नाही ते त्यानं आता केलं, पण उशीर झाला होता. सगळ्या भावकीसमोर, आप्पासोच्याही आधी, त्यानं खणखणीत आवाजात पुकारलं, "किओको, माजा भाऊ."

कुणी हललं नाही. किओको पुढं आला. पानावरच्या गोळ्याकडं त्यानं पाहिलं, हात मात्र खालीच होता.

"उस दिन," तो सावकाश म्हणाला, "मेरे पास भी आर्डर था. वायरलेस पर. जखमी को छोडो, तुम अकेला वापस आओ." त्यानं आपले तळहात उताणे करून बघितले. "दस दिन पत्थर तोडा मैं. कैद में."

 दीड वर्ष त्या माणसानं ह्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. हुकूम म्हणजे हुकूम, मधे डोकं येत नाही, असं समजून जगलेल्या माणसाला त्या वेळी कळलं की हुकूम मोडूनच कुणीतरी त्याला जगवलं होतं. त्याला वाटलं, ह्यानं मला तेव्हा चिखलात टाकलं असतं तर बरं झालं असतं.

किओकोनं पिशवी उचलली. परतीची मोटार तासाभरात होती. तो पाटानं निघाला, आणि नाथाजी त्याच्या मागं. फुटका गुडघा, बांधावरची खडबडीत वाट, दोनदा तोल गेला. तिसऱ्यांदा पडता पडता सावरला तेव्हा किओको थांबला. मागं आला. त्यानं नाथाजीचा हात आपल्या मानेवरनं घेतला, कमरेला धरलं आणि त्याला जवळजवळ उचलूनच फाट्यापर्यंत नेलं.  उसाच्या फडाकडं नाथाजीनं एकदा बोट दाखवलं, किओकोनं बघितलं नाही. मोटार आली. त्यानं नाथाजीला मैलाच्या दगडावर बसवलं, मानेवरचा हात काढून त्याच्याच मांडीवर ठेवला आणि चढून गेला. खिडकीची बाजू त्यानं पलीकडची धरली.

नाथाजी घरी आला तो दिवेलागणीला. दार अजून आतनं बंद होतं. हाक मारल्यावर साळूबाईनं अडसर काढला. तिनं झरोक्यातनं सगळं पाहिलं होतं, तो परका माणूस आपल्या पोराला धरून पाटानं नेताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती देवासमोर बसून होती. तिनं त्याची मान चाचपली, दंड चाचपले, पाठीवरनं हात फिरवला. कुठं काही नव्हतं.

"सोडलं रं बाबा त्येनं तुला," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसायला लागली.